एचडी बंद, साधं चालू

१९ जुलै
एचडी पुन्हा गेलं. साधे चॅनल ठणठणीत. एचडी लावलं की काळा पडदा आणि खाली 'सिग्नल उपलब्ध नाही'. कस्टमर केअरला फोन. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं, तर बाई हिंदीत बोलली. बॉक्स बंद करून चालू करायला लावला. सकाळपासून दुसरं काय करतोय मी? शेवटी 'और कोई सहायता?' आधी पहिली तर करा.
निर्मला म्हणाली, एचडीवाचून एवढं अडलंय काय? क्रिकेट नीट दिसत नाही म्हणालो. 'हो का' म्हणाली आणि मेथी निवडत बसली. सध्या क्रिकेट चालू नाही हे तिलाही ठाऊक आहे.

२० जुलै
इथे तरी खरं लिहावं. महिला कबड्डीच्या मॅचेस चालू आहेत आणि त्यात शुभा पंच आहे. आमची शुभा. शाळेतली कायमची नोकरी सोडून शिट्टी फुंकायला गेली तेव्हा मी नको ते बोललो. पुन्हा तोंड दाखवू नकोस, इथपर्यंत. चौदा महिने होतील. पोरगी माझ्यावर गेलीय, तिनेही दाखवलं नाही.
साध्या चॅनलवर पंच म्हणजे पिवळा ठिपका. मॅटभोवती चार-पाच ठिपके. त्यातला आपला कोणता, ते चालण्यावरून ओळखायचं. एप्रिलमध्ये एचडी घेतलं ते याच्यासाठी. मेअखेरपर्यंत झकास चाललं. तेव्हा मॅचेस नव्हत्या.

२४ जुलै
टेक्निशियन आला. खाली बॉक्सची वायर बदलली. उघडीप होती, दहा मिनिटं चित्र आलं. त्याने सही घेतली, गेला. कोपऱ्यावरून वळलाही नसेल, तोवर काळं. फोन केला तर तक्रारीचं 'निवारण झालं' अशी नोंद. तुमचीच सही आहे म्हणे.
ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. पार्टवर केसाएवढी चीर दिसली तरी परत पाठवायचो. असलं निवारण आम्ही केलं असतं तर विमानं घरांवर पडली असती.

२ ऑगस्ट
दुसरा टेक्निशियन. बॉक्स बदलला. पाऊस आहे, नाशिकमध्ये सगळ्यांचं असंच आहे म्हणाला. समोरच्यांचं चालू आहे म्हणालो, तर त्यांचा प्लॅन वेगळा. मग गच्चीवर चला, डिश तरी बघा म्हटलं. जिना ओला आहे, पावसात वर चढायची परवानगी नाही म्हणाला. बरं.
तो गेल्यावर मीच चढलो. डिश घट्ट, वायर ठीक. द्राक्षाचा वेल मात्र यंदा असा माजलाय की मांडवातून आभाळ दिसत नाही. दिवसभरात तेवढंच समाधान.

११ ऑगस्ट
साध्यावरच मॅच बघितली. कॅमेरा एकदम जवळ गेला, कॉमेंट्रीवाल्याने 'पंच शुभांगी' म्हटलं, पुढे आडनावाची वाट लावली. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मागे वळलो तर नि. उभी. कधीपासून, कोण जाणे.
मोबाइलवर दिसतं म्हणे. त्याला वेगळं ॲप, वेगळा पासवर्ड, आणि एवढ्याशा पडद्यावर माझ्या चष्म्याला काय दिसणार?
क. केअरला परत फोन. वरच्या साहेबांना द्या म्हणालो. चाळीस मिनिटं सनई ऐकवली. मग कट. लगेच मेसेज, 'आमची सेवा कशी वाटली?' एक चांदणी दिली. त्याच्या खाली देता येत नाही.

२६ ऑगस्ट
तिसरा. सोनवणे नावाचा. निफाड तालुक्यातला, घरची दीड एकर द्राक्षबाग आहे. हा चप्पल काढून आधी गच्चीवर गेला आणि वरूनच हाक मारली.
"काका, डिश बसवली तवा खरड छाटणी झाली व्हती ना?"
मी बघतच राहिलो. डिश बसवली एप्रिलमध्ये. छाटून आठ दिवस झालेले, वेलाला नुसत्या काड्या. मांडवामागे बसव, वारं लागणार नाही, हे बसवणाऱ्याला मीच सांगितलं होतं. जन्मलो द्राक्षवाल्याच्या घरात आणि पाला येऊन डिशच्या आड येणार हे डोक्यात आलं नाही. अर्धवट सिग्नलवर साधे चॅनल भागवून नेतात, एचडीला तेवढ्यावर भागत नाही, असं सोनवणे म्हणाला.
काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोनवरच्या त्या पोरींना काय काय बोललो, आठवून लाज वाटते. पण पहिले दोघे वर चढले असते तर महिन्यापूर्वीच कळलं असतं. त्यांना माफी नाही.
डिश हलवायची तर वेगळी विनंती नोंदवायची, आठ-दहा दिवस लागणार. फायनल शनिवारी.
"नाय तर पाला काढा," सोनवणे म्हणाला. "पण आत्ता छाटलं तर घडांचं काय खरं नाय. तुम्हाला मी काय सांगायचं?"

२७ ऑगस्ट
पिंपळगावला दादाला फोन केला. वेलाची काडी त्याच्याच बागेतली. ऑक्टोबरशिवाय कात्री लावायची नाही, हे आमच्याकडे वडिलांपासून. सटाण्याकडचे आगाप छाटतात, म्हणजे हंगामाच्या आधीच, पण त्यांची हवा वेगळी. आपल्याकडे आत्ता छाटलं की फुलोरा पावसात सापडतो, डावणीची बुरशी येते, सगळं कुजून जातं.
दादा म्हणाला, "टीव्हीपायी येल छाटतो? येडा झाला का तू?"
शुभाचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते...

२९ ऑगस्ट, शनिवार
सकाळी छाटला. डिशसमोरचा तेवढाच काढायचं ठरवलं होतं, पण एक फांदी दुसरीत गुंतलेली, ओढता ओढता जवळजवळ सगळाच गेला. नि. खाली पडलेला पाला पोत्यात भरत होती. का छाटता, असं तिने एकदाही विचारलं नाही.
सं. सातला लावलं. आलं. लख्ख. मॅटवरचा घाम दिसतो.
शुभा दिसली. वाळलीय. केस कापलेत. डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. ताजी नाही, पण फार जुनीही नाही. खुणा ओळखण्यातच तीस वर्षं गेली माझी. नि.ला विचारलं, हे कधी?
"जूनमध्ये. सरावाच्या मॅचला एका खेळाडूचं कोपर लागलं. पाच टाके पडले. बाबांना सांगू नको म्हणाली."
मला फार वाईट वाटलं. लागल्याचं वाटलंच, पण मला सांगू नको म्हणाली त्याचं जास्त. फायनल कोण जिंकलं ते माहीत नाही. बघत तर शेवटपर्यंत होतो.

३० ऑगस्ट
रविवारी सकाळी शुभा नि.ला फोन करते. तो वाजला की मी पिशवी घेऊन भाजीला निघतो. मुद्दाम लांबच्या बाजारात. परत येईपर्यंत त्यांचं बोलून झालेलं असतं. नि. मला काही सांगत नाही, मी विचारत नाही. चौदा महिने हेच चाललंय.
आज वाजला. मी उठलो नाही. नि.ने माझ्याकडे पाहिलं, मग फोन स्पीकरवर टाकला.
"आई, बाबा गेले का बाहेर?"
नि.ने फोन माझ्यापुढे सरकवला. काय बोलायचं ते रात्रीच ठरवलं होतं मी, चांगली चार वाक्यं. त्यातलं एक आठवेना.
"टाके फार दुखले का गं?" म्हणालो.
शुभाने फोन ठेवला नाही. नि. उठून आत गेली.