दोन खोकी, एक पाटी

ता. ४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच मिळतं. फोनवर तू रडतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहितोय.

एका वकीलसाहेबांच्या घरी सिनेमाची खोली करतोय. दोन सबवूफर आहेत, म्हणजे नुसता घुमारा काढणारी कोठीएवढी काळी खोकी. एक पडद्याखाली, एक मागच्या भिंतीला. कोपऱ्यात उभं राहिलं की छाती हादरते आणि साहेबांच्या मधल्या खुर्चीत शुकशुकाट! नऊ दिवस झाले, सरकवून सरकवून कंबर गेली. काल एक खोकं खुर्चीत बसवलं आणि घुमारा कुठे नीट भरतो ते शोधत खोलीभर रांगलो. साहेबांची आई म्हणाली, याला कुणीतरी पाळण्यात घाला. उस्ताद म्हणतो, पंधरा तारखेपर्यंत जमव, नाहीतर वाट धर.

बाबांना विचारू नकोस हं. निघताना त्यांच्या पाटीवर जे लिहून आलो तेवढं पुरे.

माया आटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी


ता. ९

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी कशाला विचारतेय? बाबांनीच पत्र हातातून ओढून घेतलं. छातीत पाणी झाल्यापासून आज पहिल्यांदा उठून बसले. म्हणाले, कारखान्यात दोन घण एकदम पडले की मधली जमीन पायाला चावायची. एक वर, एक खाली असला की मधे मेल्यासारखं. दोन्ही खोकी शेजारी आण, अगदी संथ सूर लाव, दोन्ही स्पीकरच्या तोंडांवर तळहात ठेव. एक ढकलत असणार, दुसरं ओढत असणार.

तीस वर्षांत घणांनी त्यांचे कान नेले, हात नाही नेले.

पाटीची ती बाजू त्यांनी अजून पुसू दिलेली नाही. ‘बहिऱ्याला आवाजातलं काय कळतं.’ तुझंच अक्षर. त्यांना काही सांगायचं तर आम्ही दुसऱ्या बाजूवर लिहितो. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. ये रे.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


ता. १४

ती. ताईस,

शि. सा. न. बाबा जिंकले! तळहात ठेवले तर खरंच, डावा ढकलला जातोय, उजवा ओढला जातोय. आणि चूक कुणाची? माझीच. मागच्या खोक्याचा स्पीकर मीच दुरुस्तीला काढला होता, लावताना दोन वायरी उलट्या जोडल्या. इतके दिवस भिंतींना शिव्या घातल्या. आता साहेबांच्या खुर्चीत पेल्यातलं पाणी थरथरतं.

पण बाबांना एवढ्यात सांगू नकोस, शपथ आहे. मी समोर बसून माझ्या हातानं पाटी पुसणार आणि स्वतः लिहिणार. वाक्य डोक्यात तयार आहे. उस्तादानं खूश होऊन आणखी एक खोली दिलीय, ती उरकून बावीस तारखेला निघतो.

तोवर सांभाळून घे.
भिंगरी


ता. २७

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. फोनवर ‘बाबा गेले’ एवढंच बोलता आलं. उरलेलं लिहिते.

तुझं पत्र सतराला आलं. ते रोज सकाळी विचारायचे, खोक्यांचं काय झालं. तू शपथ घातलीस, म्हणून मी पाटीवर लिहिलं, ‘तो येऊन सांगेल.’ एकोणीसला बोलणंही थांबलं. तेव्हा दोन्ही तळहात हवेत धरून त्यांनी भुवया उंचावल्या. कळलं मला. पत्र माझ्या पदरात होतं. तरी मी पाटीच पुढे केली. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. विसाव्या तारखेला उजाडायच्या आत गेले.

तू पोचवायलाही आला नाहीस. उस्ताद म्हणतो, कळल्यावर तू तिसऱ्याच गावचं काम मागून घेतलंस. पायाला भिंगरी आहे म्हणून आम्हीच कौतुकानं हाक मारत आलो.

पाटी दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. एकीकडे तुझं वाक्य, एकीकडे माझं. मी एकही पुसणार नाही. तुझं तर खोटं ठरलं. निदान माझं खरं करायला ये.

ताई