प्राचीनांच्या नावावरचं वाक्य

३ मार्च, मंगळवार

सापडत नाही! ग्रंथाची नवी आवृत्ती करतेय, त्यातल्या एका वाक्याचं मूळ आठवडाभर शोधतेय. टीकाकार लिहितो, "ज्याला अर्थ कळावासा वाटतो, त्याला शिकण्याचा अधिकार – असं प्राचीन म्हणतात." कोण प्राचीन? त्याच्या आधीची सूत्रं, भाष्यं, सगळं पालथं घातलं. कुठेही नाही.

आणि हे काही ऐरंगैरं वाक्य नाही. पाठशाळेत पहिली मुलगी घेतली ती याच वाक्यावर – म्हणजे मी! आमच्या सरांनी विश्वस्तांपुढे स्वतः संपादित केलेला छापील ग्रंथ उघडून ठेवला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. तेव्हापासून पस्तीस वर्षं झाली. दर वर्गाला पहिल्या दिवशी मी हे पाठ करायला लावते.

५ मार्च, गुरुवार

डोक्यात प्रकाश पडला. प्राचीनांनी म्हटलेलंच नाही! टीकाकाराचं स्वतःचं आहे. त्या काळातल्या पंडितांची रीतच ती – नवं सुचलं की जुन्यांच्या नावावर खपवायचं. स्वतःचं म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार? लबाड! पण काय हुशार लबाड.

ह्यांना सांगितलं. कांदा चिरता चिरता म्हणाले, "म्हणजे तू 'आई म्हणायची' म्हणून मला जे ऐकवतेस, तसंच ना?"

९ मार्च, सोमवार

नव्या आवृत्तीसाठी मागवलेल्या तीन हस्तलिखितांच्या प्रती आल्या. तिन्हींत ते वाक्य नाही. मग सरांनी वापरलेली मूळ पोथी कपाटातून काढली, भिंग लावून ओळ न् ओळ पाहिली. आधीचं वाक्य आहे, नंतरचं आहे. मधलं नाही! म्हणजे टीकाकारानंही लिहिलेलं नाही.

मग छापलं कुणी? उत्तर माहीत आहे. लिहवत नाही.

त्यात मुख्य विश्वस्तांचा निरोप. त्यांना आम्ही 'पोटकलम' म्हणतो. "शुक्रवारी सभा. बाहेरच्या लोकांना संध्याकाळी शिकवता, त्याला शास्त्राधार काय तो नव्या आवृत्तीतून वाचून दाखवा. नसेल तर वर्ग बंद." बावीस जण आहेत त्या वर्गात. एक परिचारिका, दोन शिंपी, एक निवृत्त ड्रायव्हर – तो तर एकही दिवस चुकवत नाही. आणि आधार काय तो त्या एका वाक्याचाच.

११ मार्च, बुधवार

सरांकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळे गेलेत, पण कान तिखट. पावलांवरूनच ओळखलं. मी आडपडदा ठेवलाच नाही. "सर, ते वाक्य तुम्ही घातलंत?"

"घातलं." एवढंच! चहात बिस्कीट बुडवत!

माझा तोलच गेला. "तुम्हीच शिकवलंत ना – पोथीत अक्षर घालायचं नाही, काढायचं नाही, चुकलेलं असलं तरी!"

"हो. एकदाच मोडलं. तू सहा महिने रोज दाराशी येत होतीस. विश्वस्त म्हणायचे, आधार दाखवा. ग्रंथ छापखान्यात जायचा होता... दाखवला आधार."

मी रडले. रागानंही रडले. म्हटलं, "आता मी काय करू?"

"संपादक तू आहेस."

काडीचा उपयोग नाही! मी उठले तेव्हा मात्र म्हणाले, "संस्कृत तेवढं माझं गं. विचार माझा नाही. खालच्या खणातली पिवळी फाईल घेऊन जा."

१२ मार्च, गुरुवार

फाईल उघडायचा धीर होत नाही. वाक्य काढलं तर बावीस जण रस्त्यावर. ठेवलं तर मी उद्या कुठल्या तोंडानं शिकवू?

१३ मार्च, शुक्रवार

उघडली. आत एकच कागद. माझा प्रवेशाचा अर्ज, सतराव्या वर्षीचा. गोल गोल अक्षर, दोन ठिकाणी खाडाखोड. 'शिकण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलंय – "मला अर्थ कळावासा वाटतो. ज्याला तसं वाटतं त्याला शिकू द्यावं."

नव्या आवृत्तीतून वाक्य काढलं. सभा अकराला आहे. तिथे ते माझ्या नावानं वाचणार.