पन्नास भोकांचा ठोकळा

अण्णा,

रविवारी नाश्त्याच्या बशा उचलल्या की तुम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर चौपदरी करून अंथरायचात, पंखा बंद करायचात आणि मला म्हणायचात, "बस. पण श्वास तिकडे सोड." तेवढ्यावरून मला कळायचं की आज काडतुसं भरायची आहेत. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या बाकीच्या घरांत तेव्हा रेडिओ लागलेला असायचा. आपल्याकडे मात्र परीक्षेच्या वर्गात असते तशी शांतता. आठवडाभर तुम्ही कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातली साखर मोजायचात आणि रविवारी त्याच हातांनी, त्याच चष्म्यातून दारू मोजायचात. दारू हा शब्द मी शाळेत एकदा सहज बोलून गेले होते, की आमचे अण्णा रविवारी घरी दारू मोजतात, तेव्हा सिस्टरांचा चेहरा कसा झाला होता ते तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला होतात.

ते रिव्हॉल्वर तुमच्या मामांकडून आलेलं, परदेशी बनावटीचं. त्याची तयार काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून तुम्ही कचेरीतून रीतसर परवानगीचा कागद आणलात आणि घरीच भरायला लागलात. झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तुम्ही फेकत नव्हता. नेमबाजीच्या मैदानावर वाकून वाकून वेचायचात, घरी आणून चिंचेच्या कोळात घासायचात आणि मागच्या पायरीवर उन्हात वाळवायचात. आई म्हणायची, "देवाची भांडी काळी, आणि यांच्या पुंगळ्या सोन्याच्या." शिसं वितळवायला तिची आमटीची पळी एकदा घेतलीत, त्यानंतर तिने पळी कपाटात कुलपात ठेवली होती. मग तुम्ही कारखान्याच्या लोहाराकडून वेगळी पळी करून घेतलीत. परसातल्या शेगडीवर शिशाच्या गोळ्या ओतून तुम्ही त्या ओल्या पोत्यावर टाकायचात. त्यांचा बद् बद् असा बारीक आवाज यायचा. मी लांब उभी राहायची, तुम्ही आखलेल्या खडूच्या रेघेच्या मागे.

आज मी त्या टेबलापासून फार लांब, सिंगापुरात पासिर रिसला अकराव्या मजल्यावर लेकीच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे. समोर तुमचा पुंगळ्या उभ्या करायचा ठोकळा आहे. सागवानी, पाच ओळी, प्रत्येक ओळीत दहा भोकं. शेजारी सोनाराचा छोटा काटा, तुमची दोन सेलची पत्र्याची टॉर्च आणि काळ्या पुठ्ठ्याची नोंदवही. दादा गेल्यावर वहिनीने जुनं घर आवरलं, तेव्हा तिला हा डबा माळ्यावर सापडला. रिव्हॉल्वर तर तुम्ही गेलात त्याच वर्षी दादाने पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर रत्नागिरीकडचा एक मुलगा राहतो, बोटीवर इंजिनिअर आहे. तो सुट्टीवर गेला होता, त्याने डबा आणला. मी त्याआधी वहिनीला तीनदा फोन करून विचारलं होतं, एखादी पुंगळी तर राहिली नाही ना? इथे रिकामी पुंगळी घरात सापडली तरी माणूस अडकतो. डबा माझ्या हातात देताना तो म्हणाला, "काकू, अंगणात उपडा करून झटकलाय. एक पुंगळी निघाली असती तर बोटीऐवजी मी थेट आत. निघाला तो फक्त चिंचोका, तो तिथेच टाकला." त्याने तो चिंचोका आणला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तुम्हाला मी कितीतरी गोष्टी विचारल्या नाहीत. एकदा काट्यावर दारू चढत होती आणि मी मध्येच विचारलं होतं की अण्णा, माणसाला पहिल्यांदा हे कसं सुचलं असेल. तुम्ही पारडं डब्यात रिकामं केलंत, पुन्हा पहिल्यापासून मोजलंत आणि पुंगळीत ओतून झाल्यावर म्हणालात, "मोजताना बोलायचं नाही. मोजून झालं की हवं तेवढं विचार." मोजून झाल्यावर मात्र मी प्रश्न विसरलेली असायची. आता तुमचं मोजून झालं असेल तर विचारते. माझ्या आठवणीच्या आधी तुम्ही उसातली रानडुकरं मारायला जायचात म्हणे. लोक फडावर बोलवायला यायचे. मग ते का सोडलंत? शिकारबंदीचा कायदा आला म्हणून, की त्याआधीच? कागदाच्या काळ्या गोलात तुम्हाला काय दिसायचं? आणि स्वतः भरलेलं काडतूस झाडताना हाताला काही वेगळं वाटतं का? माझी नात हाच प्रश्न विचारते.

तिच्याबद्दल सांगायला हवं. चौदा वर्षांची आहे. इथे शाळेतच नेमबाजी शिकवतात, हवेवर चालणारं पिस्तूल. पिस्तूल शाळेतच कुलपात राहतं, घरी एक छर्रासुद्धा आणायचा नाही. शाळेत ती हिंदी शिकते, त्यामुळे आकडे आणि छापील अक्षरं तिला वाचता येतात. तुमचं लपेटी अक्षर मात्र नाही. डबा आला त्या दिवशी तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि प्रत्येक भोकात करंगळी घालून पाहिली. मग वही उलटायला लागली. प्रत्येक रविवारची एक ओळ, शेवटी पन्नास. पन्नास, पन्नास, पन्नास. एका पानावर ती थांबली. "आजी, धिस वन फॉर्टी-नाइन. हाउ कम आह?"

मी चष्मा लावला. अण्णा, ते पान मी पहिल्यांदाच पाहत होते. पण तारीख न वाचताच मला कळलं होतं की ते कोणतं.

मी बारा वर्षांची होते. वाढदिवसाला तुम्ही मला ती टॉर्च दिली होतीत आणि म्हणाला होतात, "आजपासून हे काम तुझं." काम असं, की पन्नासही पुंगळ्यांत दारू ओतून झाली की शिशाची गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचं. सगळीकडे दारू एकाच उंचीला दिसली की मी म्हणायचं, "सारख्या." मग तुम्ही टेबलाच्या कोपऱ्याला आवळलेल्या दाबाचा, म्हणजे त्या हातयंत्राचा, दांडा ओढून गोळ्या बसवायचात. आणि तुमचा नियम असा, की एकीचीही शंका आली तर ती एकटी बघायची नाही. पन्नासही ओतायच्या, पन्नासही पुन्हा मोजायच्या. आई म्हणायची की हा वेडेपणा आहे, एक चुकली तर एक दुरुस्त करा. तुम्ही म्हणायचात, "एक चुकली म्हणजे माझं लक्ष नव्हतं. लक्ष नेमकं कधी गेलं ते मला कसं कळणार?"

त्या रविवारी फाटकाशी माझी मैत्रीण उभी होती. तिला नवी लेडीज सायकल मिळाली होती आणि त्या सकाळी ती मला शिकवणार होती. ती घंटी वाजवत होती. तुम्ही सावकाश मोजत होतात, माझे पाय खुर्चीखाली हलत होते. मी टॉर्च फिरवली आणि म्हटलं, "सारख्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि दाबाला हात घातलात. मी धावत गेले. दुपारपर्यंत दोन्ही गुडघे फोडून सायकल शिकले.

पुढच्या रविवारी जिल्ह्याची स्पर्धा होती. त्यातून राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती आणि तुम्ही वर्षभर त्याचीच तयारी करत होतात. मी नेहमीप्रमाणे मागे बाकावर, कानात कापूस, मांडीवर चहाचा थर्मास. ठराविक वेळात भराभर पाच झाडायच्या होत्या. धाड्, धाड्, आणि मग नुसतं फुस्स. कापसातूनही मला ते ऐकू आलं. तुम्ही थांबलात. नळी समोरच ठेवून डावा हात वर केलात आणि तसेच उभे राहिलात, शेजारचे सगळे झाडत असताना. मैदानावरच्या निवृत्त सुभेदारांनी येऊन पाहिलं. त्या काडतुसात दारूच नव्हती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोराने गोळी अर्ध्या नळीपर्यंत जाऊन अडकली होती. ते म्हणाले, "साहेब, पुढची ओढली असती तर हात गेला असता." तुम्ही म्हणालात, "हो." वेळ संपली होती. निवड हुकली.

परतताना तुम्ही नाक्यावर चहाला थांबलात. माझ्यासाठी बशीत ओतून दिलात. मी बशीकडे बघत होते. आता तुम्ही विचाराल, आता विचाराल, असं मला वाटत होतं. तुम्ही विचारलंत, "सायकल जमली का?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "बरं झालं." घरी आईला सांगितलंत की दारू दमट निघाली. पुढच्या रविवारी मी टॉर्चला हात लावला तर तुम्ही ती हळूच काढून घेतलीत. म्हणालात, "तुझे डोळे आता अभ्यासाला लागतील." आणि त्यानंतर तुम्ही कधी निवडीला उतरला नाहीत. वय झालं, असं सांगायचात.

त्याच आठवड्यात शाळेत शुक्रवारी ख्रिस्ती मुली पापनिवेदनाला चॅपेलमध्ये रांगेत उभ्या होत्या. आम्ही हिंदू मुली तेव्हा बाहेर नीतिशास्त्राचा तास करायचो. मी हळूच त्या रांगेत जाऊन उभी राहिले. लाकडी जाळीच्या पलीकडे तोंड न दिसणारा माणूस बसतो आणि ऐकून घेतो, हे मला फार सोयीचं वाटलं होतं. माझ्यापुढे दोनच मुली राहिल्या होत्या तेव्हा सिस्टरांनी कानाला धरून बाहेर काढलं. म्हणाल्या, "तुझं काय असेल ते घरी सांग." घरी मी सांगितलं नाही.

आता त्या पानावर काय आहे ते. तुम्हाला माहीतच आहे, पण मी लिहून काढते. "४९. एक पोकळ निघाली. पोरीच्या डोळ्यांतून सुटली असेल, लहान आहे. शेवटची नजर माझी हवी होती. चूक माझी. तिला विचारायचं नाही."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग चहाच्या बशीवरचा तो सायकलचा प्रश्न काय होता, अण्णा? सहज विचारलंत, की मला एक दार उघडून दिलं होतंत? पन्नासएक वर्षं मी समजत होते की तुम्हाला खरंच दारू दमट वाटली. आता तो एवढासा प्रश्न मी रोज उलटसुलट करून बघते, तुम्ही पुंगळी उजेडात फिरवून बघायचात तशी.

नातीने विचारलं, काय लिहिलंय? मी वही मिटली आणि म्हटलं, दारू दमट निघाली, असं लिहिलंय. मग स्पर्धेतला तुमचा वर केलेला हात सांगितला, तशी ती खूश झाली. तिचे प्रशिक्षकही हेच शिकवतात, की शंका आली तर नळी समोर ठेवायची आणि हात वर करायचा. तिला शुक्रवारी वर्गापुढे आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. तिने तुम्हाला निवडलं. काल रात्री जेवताना तिने सगळं वाचून दाखवलं, पणजोबा, ठोकळा, चिंचेचा कोळ, दमट दारू, वर केलेला हात. लेक म्हणाली, "आई, तू हे मला कधी सांगितलं नाहीस." मग नातीने विचारलं, "आजी, यू वेअर द टॉर्च गर्ल, राइट? सो यू चेक्ड ऑल फिफ्टी?" मी भात वाढत होते. म्हटलं, "हो, सगळ्या सारख्या होत्या." तोंडातून तोच शब्द गेला. पहिला खोटेपणा बारा वर्षांच्या मुलीचा होता. हा माझा, आणि शुक्रवारी तो तिच्या तोंडून तीस मुलांसमोर जाणार आहे.

आज बुधवार. ती पाचला येईल. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि असता तरी मी पोस्टात टाकलं असतं की नाही, कोण जाणे. ते नीतिशास्त्राच्या तासासारखं झालंय, आत न जाता बाहेर बसून केलेलं. तरी एक गोष्ट तुमच्या वहीत चुकीची आहे, ती दुरुस्त करायला हवी. माझ्या डोळ्यांतून काही सुटलं नव्हतं. शेवटच्या ओळीत, कडेपासून तिसरी. बाकीच्यांत राखाडी दिसत होतं आणि तिच्या तळाशी पितळ चमकलं. मी पाहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही पन्नासही ओतल्या असत्या, आणि बाहेर घंटी वाजत होती.

आता वाटणी. काटा लेकीला, तिला वजन करायचा लहानपणापासून नाद आहे. ठोकळा खालच्या बोटीवाल्या मुलाला, त्याने तो दोनदा हातात घेऊन परत ठेवला होता, म्हणून. आईची पळी वहिनीकडे आहे, ती तिथेच राहू दे. नोंदवही नातीला, पण ते पान मी आज संध्याकाळी तिला शब्द न् शब्द वाचून दाखवल्यावर आणि तळाशी चमकलेलं पितळ मी पाहिलं होतं हेही सांगितल्यावर. टॉर्चही तिलाच. देताना सांगायचं की एकीचीही शंका आली तर पन्नासही ओतायच्या, फाटकाशी कुणी कितीही घंटी वाजवत असलं तरी.