उत्तर तोंडाने द्यावे

विनिपेग, कॅनडा
९ सप्टेंबर २०१८

ती. मानांग पुरिंग हिला धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि. थोरल्या बहिणीला करतात तसा इथूनच तुझा हात कपाळाला लावून नमस्कार करते.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही निभावलं. बोलण्यात पुन्हा अर्ध्या गुणाने अडकले. मार्चमध्ये अडकले होते तिथेच. चार वर्षं इथल्या म्हाताऱ्या बाईंना मी इंग्रजीतच उठवते, बसवते, भरवते, आणि कागद म्हणतो की मला बोलता येत नाही.

पुढची तारीख चोवीस नोव्हेंबर. ती शेवटची, कारण जोना अठरा जानेवारीला बावीस पुरी करते. इथे कायमचं राहण्याचा माझा अर्ज निकालासकट त्याआधी पोचला, तर ती माझी मुलगी म्हणून माझ्याजवळ येईल. एक दिवस जरी उशीर झाला तर सरकारच्या लेखी ती मोठी बाई, तिचं ती बघेल. परदेशी कामासाठी मी घर सोडलं, कॅनडाच्या कितीतरी आधी, तेव्हा ती सहा वर्षांची होती, तुझ्या झग्याला धरून उभी होती. तेव्हापासून तिची वेणी तू घातलीस आणि मी फोनवर पाहिली.

तुझ्या कानांमुळे बोलणं होत नाही आणि पोस्ट महिना लावतं, म्हणून पत्राचा फोटो जोनाच्या फोनवर पाठवते. तुझाही ती तसाच पाठवेल. सोबत इंग्रजीतलं एक पान आहे. अडतीस वर्षं नन्सच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलंस. एक ढ मुलगी वर्गात राहून गेली असं समज.

लोभ आहेच, पान तपासताना तेवढा बाजूला ठेव.

तुझी,
मारिडेल


इलोइलो, फिलिपिन्स
१६ सप्टेंबर २०१८

चि. मारिडेल हिस अनेक आशीर्वाद.

पान तपासलं. लाल शाई संपली, उरलेलं जांभळ्या शाईने केलं. तू जिच्या घरी राहून जिची देखभाल करतेस ती मिसेस सिगुर्डसन तुझ्या पहिल्या ओळीत बाई आहे, तिसरीत पुरुष आणि शेवटी पुन्हा बाई. आपल्या भाषेत 'तो' आणि 'ती' दोघांना एकच शब्द चालतो, पण इंग्रजांचं तेवढ्यावर भागत नाही. भूतकाळही तू ओळीच्या मध्येच सोडून देतेस, जसं लहानपणी पेजेचं ताट सोडायचीस.

रोज दहा शब्द, उलट अर्थासकट. बाईंना दिसत नाही म्हणतेस ना, मग त्यांना रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखव. स्वल्पविरामाला टेबलावर बोटाने एक टिचकी, पूर्णविरामाला दोन. आमच्या सिस्टर बेनेडिक्टा हेच करायला लावायच्या. दुपारच्या उन्हात चाळीस मुलींच्या टिचक्या एकदम पडल्या की कौलांवर चिमण्या उतरल्यासारखं वाटायचं. हल्ली मला ऐकू येतात त्या तेवढ्याच.

जोना बरी आहे. माझ्या कानाचं यंत्र रोज तीच बसवते. ते शिट्टी मारतं, बाकी काही करत नाही. तिने आता दारापाशी दिव्याचं बटण लावून घेतलंय. कामावरून आली की दिवा दोनदा उघडमीट करते, म्हणजे मला कळतं की घरात माणूस आलं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी थोरली,
पुरिंग


विनिपेग
७ ऑक्टोबर २०१८

ती. मानांगला सा. न. वि. वि.

दहा शब्द रोज होतात. भांडी घासताना ते फडताळावर चिकटवते, त्यामुळे साखरेच्या डब्यावर 'अनिच्छा' आहे आणि मिठावर 'परवानगी'.

वाचनही चालू आहे. मिसेस सिगुर्डसनना बातम्या नकोत, मेलेल्यांची पानं हवीत. अर्धी माणसं त्यांच्या ओळखीची निघतात. एका बाईबद्दल छापलं होतं की तिच्या हातच्या आलुबुखाऱ्याच्या केकची गावभर कीर्ती होती. सिगुर्डसनबाईंनी मला थांबवलं आणि सांगितलं की ती केकला सातऐवजी पाचच थर लावायची आणि वरून साखर भुरभुरून लपवायची. टिचक्यांबद्दल विचारत होत्या, घरात सुतारपक्षी शिरलाय का. तुझी पद्धत सांगितली तेव्हा म्हणाल्या की तुझी बहीण कडक दिसते, मला आवडली.

पण व्याकरण सुधारतंय हे मलाही कळतं, मग बोलण्यातच काय होतं? पुढच्या रविवारी तू माझी परीक्षा घे. जोना फोन धरेल, तू प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून दाखव, माझी उत्तरं ती तुला लिहून देईल. कुठे चुकते ते नेमकं सांग, मानांग. उरले दिवस बोटांवर आलेत.

माया असू दे, आणि जांभळी शाईही.

तुझी,
मारिडेल


इलोइलो
१५ ऑक्टोबर २०१८

चि. मारिडेल हिस अनेक आशीर्वाद.

कालची परीक्षा छान झाली. तेराही उत्तरांपुढे मी बरोबरची खूण केली. तुझे केस पिकलेत ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. क्रियापदांची रूपं अजून घोट. सोबत साठ वाक्यं पाठवते आहे. तुझी अडचण व्याकरणाचीच आहे, दुसरी काही नाही.

एक सांगायचं राहिलं. जोना ज्या दवाखान्यात हंगामी काम करते तिथल्या डॉक्टरीणबाई तिला कायम करायला तयार आहेत. मी त्यावर काहीच बोलले नाही. तुझ्या कानावर असावं, इतकंच.

थंडी वाढली असेल. पायांत दोन मोजे घाल.

तुझी थोरली,
पुरिंग


विनिपेग
५ नोव्हेंबर २०१८

ती. मानांगला सा. न. वि. वि.

काल सिगुर्डसनबाई पडता पडता वाचल्या, आणि दोष माझा होता.

चर्चला निघालो होतो. पायरीवर बर्फ गोठलेला, म्हणून मी पुढे जाऊन मीठ टाकलं. बाईंनी दारातून विचारलं, पायरी मोकळी झाली का. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा दिलं. मग मी तिथे नाहीच असं समजून त्या एकट्याच मागे वळल्या आणि काठी पायपुसण्यात अडकली. कोटाला धरून सावरलं म्हणून हाड शाबूत राहिलं. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी मला फैलावर घेतलं. तू माणूस आहेस की मांजर, म्हणाल्या. काही विचारावं तर नाहीशी होतेस, हे चार वर्षं चाललंय. मी म्हटलं, दोनदा सांगितलं की. त्या म्हणाल्या, माझे डोळे गेलेत, कान नाही.

तेव्हा उजेड पडला. मी भुवया उचलल्या होत्या. दोनदा. आपण सगळेच 'हो' म्हणायला उचलतो तशा.

न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून मी स्वतःला प्रश्न विचारले. घर आवडतं का, मुलगी आहे का. तोंडाआधी भुवयाच वर जात होत्या, आणि उत्तर दिल्याचं समाधान होऊन तोंड मिटलेलंच राहत होतं. परीक्षेत त्या बाई मान खाली घालून लिहीत असतात, मध्ये आवाज टिपणारं यंत्र. दोन्ही वेळा मी 'हो' म्हणून वाट बघत बसले, त्या माझी वाट बघत बसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. यंत्रात काय उरलं असेल? नुसती शांतता.

मानांग, त्या रविवारी तू माझा चेहराच बघत होतीस. तुला दिसलं नाही का? तू तर तेरा खुणा केल्यास.

उत्तराची वाट बघते.

मारिडेल


इलोइलो
११ नोव्हेंबर २०१८

चि. मारिडेल हिस आशीर्वाद.

मला दिसलं. तेरापैकी पाच प्रश्नांना तू नुसत्या भुवया उचलल्यास. त्या पाचांपुढे जोनाचा कागद कोरा होता. खूण मी केली.

आपल्या मुलींची ही खोड मला माहीत नव्हती असं नाही. मी दहा वर्षांची असताना सिस्टर बेनेडिक्टांनी माझ्या भुवयांच्या वर खडूची रेघ ओढली होती. रेघ मोडली की दुपारच्या खेळाला मुकायचं. पुढे अडतीस वर्षं, जूनमधल्या पहिल्या तासाला, काहीही शिकवण्याआधी मी फळ्यावर एकच ओळ लिहीत आले: उत्तर तोंडाने द्यावे. मार्चमध्ये तू अडकलीस तेव्हाच मला हे आठवायला हवं होतं. आठवलंही असेल. त्या रविवारी तर समोर दिसत होतं आणि पेन्सिल हातात होती. विसरले म्हणावं, तर एकदा विसरेन, पाच वेळा कोण विसरतं?

दिवा दोनदा उघडमीट होतो, तेव्हा मला कळतं की घरात माणूस आलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, मारिडेल. बहिणीला तुझ्या त्या अर्जात रकाना नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

हे पान फोटोसाठी जोनाच्या हाती देते आहे. तिने वाचावं म्हणूनच.

आता काम. तेरा दिवस आहेत. दोन भुवयांच्या मध्ये चिकटपट्टी लाव; ताण बसला की तोंड उघड. 'हो' म्हणून थांबू नकोस, मागून पुरं वाक्य आण. आणि यापुढे सगळे प्रश्न सिगुर्डसनबाईंना विचारू दे. त्यांना दिसत नाही, त्यामुळे माझ्याहून त्या चांगल्या शिक्षिका ठरतील.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

पुरिंग


विनिपेग
२५ नोव्हेंबर २०१८

ती. मानांगला सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही, ते मुद्दामच. लिहिलं असतं तर व्याकरण शुद्ध आलं असतं आणि बाकी काहीच शुद्ध नसतं.

चिकटपट्टी मात्र दुसऱ्याच दिवशी लावली. सिगुर्डसनबाईंनी काम मनावर घेतलं आणि न्याहारीपासून झोपेपर्यंत मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, चिडली आहेस का. तोंडानेच उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, हो, बहिणीवर चिडले आहे. त्यांनी विचारलं, तिने काय केलं. मी म्हटलं, तिने माझ्या मुलीला पंधरा वर्षं वाढवलं. मला पुढे दुसरंच सांगायचं होतं, पण एवढं वाक्य बाहेर पडलं आणि त्याच्या मागून काही येईना. बाईंनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, आता वर्तमानपत्र वाच.

परीक्षा काल झाली. चिकटपट्टी दारात काढली, पण कपाळाला ती जाणवत होती. त्या बाईंनी विचारलं, इंग्रजी कोणाकडून शिकलात. मी तुझं नाव सांगितलं, टिचक्या सांगितल्या, खडूची रेघही सांगितली. तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, बहिणीची आठवण येते का. भुवया जागच्या हलल्या नाहीत. 'हो' म्हणाले, आणि मागून वाक्य आणलं. ते काय होतं ते यंत्रात आहे, तुला सांगणार नाही.

राग गेला असं लिहीत नाही. खोटं लिहिलं तर तू लाल रेघ मारशील. पण लोभ कुठे गेला नव्हता.

तुझी,
मारिडेल


इलोइलो
१३ जानेवारी २०१९

चि. मारिडेल हिस अनेक आशीर्वाद.

अर्ज पोचल्याचा कागद जोनाने दाखवला, तारखेसकट. पाच दिवस हातात राखून. अर्धा गुण हवा होता, तू पुरा एक आणलास. आमच्या शाळेत असतीस तर निळी फीत मिळाली असती.

माझं नोव्हेंबरातलं पान जोनाने वाचलं. फोटो काढला, पाठवला आणि माझ्यासाठी मासा भाजायला गेली. काटे काढून माझ्या ताटात वाढला, मी तिला लहानपणी वाढायचे तसा. दवाखान्याला तिने नकार कळवला आहे. व्हिसा यायला वर्ष लागेल म्हणतात, तोवर ती इथेच आहे. मी तिला दोन्ही भुवयांत चिकटपट्टी लावून सकाळी अर्धा तास बसवते. ती हसते, मग पट्टी सुटते.

काल दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. ओठ मला नीट दिसावेत म्हणून सावकाश विचारलं, की ती गेल्यावर मला एकटीला जमेल का.

मी भुवया उचलल्या.

तोंडाने उत्तर येतं का म्हणून तिने वाट पाहिली. मग उठली, दारापाशी गेली आणि दिवा दोनदा उघडमीट केला. बाहेर लख्ख ऊन होतं.

लोभ राहू दे, आणि पत्रं येऊ देत. तपासायला मी आहे.

तुझी थोरली,
पुरिंग