कोशातले किडे आणि टाकी क्रमांक दोन

१४ ऑक्टोबर

मी गुणवंत सदाशिव भोयर, बी.कॉम., वय चौपन्न, आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. झिंग्यांच्या, म्हणजे कोळंबीच्या, खाद्यात फिशमीलऐवजी (सुक्या मासळीच्या भुकटीऐवजी) रेशमाच्या कोशातले किडे चालतील काय, हे तपासण्यासाठी ही नोंद. टाकी एक : फिशमील. टाकी दोन : कोशाचा धागा काढल्यावर उरलेले किडे, वाळवून दळलेले. प्रत्येकी दोनशे झिंगे. खाद्य घालणार तळ्याचा राखणदार इसरू. प्रयोग जमल्यास त्याच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायांकडून संस्था किडे कायम घेईल. आज ते उकिरड्यावर जातात.

संस्थेतला प्रवीण म्हणाला, "झिंग्यायले आता रेशमी लुगडं नेसवता का, भाऊ?" सगळे हसले. मीही.

१५ ऑक्टोबर

इसरूची बायको बुधरीबाई दोन पोती किडे देऊन गेल्या. "कोसे सोड्यात उकडले हायेत, भाऊ. तीन पाण्यानं धुऊन घ्या, नाई तं सोडा राह्यते." धुतले तर वाळायला आणखी दोन दिवस. वेळापत्रक आधीच लिहून झालेले. मी न धुता तसेच वाळत घातले.

१९ ऑक्टोबर

खाद्य सुरू.

२२ ऑक्टोबर

टाकी दोनमध्ये एकसष्ट झिंगे मेले. टाकी एकमध्ये एकही नाही. अध्यक्ष म्हणाले, "इसरूनंच माप चुकवलं असंल." माप रोज मी स्वतः तपासत होतो — तरी त्यांचे वाक्य तसेच टिपून घेतले.

२४ ऑक्टोबर

सभा. माझी चूक मान्य करणारा कागद खिशात होता. मी उठण्याआधी इसरू उठला. "माह्याच हातून झालं. बायकोनं धुवाले सांगतलं होतं, म्या नाई धुतले. किड्यायचा दोष नाई." किडे घेणे चालू ठेवायचे ठरले. इसरूला राखणीवरून काढण्याचा ठराव झाला. तो मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. कागद खिशातच राहिला.

२५ ऑक्टोबर

कागद आज संस्थेच्या फलकावर लावला : धुण्याची सूचना मला होती, इसरूला नव्हती, ठराव रद्द करावा. नंतर त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याने मला वाचवले, त्याबद्दल आभार सांगा, असे बुधरीबाईंना म्हणालो. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले नाही.

"तुमच्यासाठी नाई बोलला तो, भाऊ. किडे घेणं बंद होईन म्हणून बोलला."

गुणवंत सदाशिव भोयर
सिंदेवाही, २५ ऑक्टोबर २०२४