अबोला चालू असल्याबाबत

प्रति,
माननीय निर्णय अधिकारी,
कुटुंब एकत्रीकरण विभाग,
स्थलांतर कार्यालय, तिसरा मजला.

विषय: अर्जदाराच्या वडिलांना नाकारलेल्या परवान्याचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ: आपले पत्र, ज्यात आईस मंजुरी व वडिलांस नकार एकाच पानावर कळवला आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार हा येथील मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर काम करतो. आईवडिलांना कायमचे आपल्याजवळ आणावे म्हणून त्याने प्रायोजक या नात्याने रीतसर अर्ज केला, पगाराचे दाखले जोडले, दोघांसाठी एक जादा खोली असलेले घर भाड्याने घेतले आणि त्या खोलीला खिडकी आहे हे सिद्ध करण्यासाठी खिडकीचा फोटोही जोडला. आपण आईला परवाना दिलात, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. वडिलांच्या नावापुढे मात्र "सदर विवाह केवळ कागदोपत्री असून प्रत्यक्षात संपुष्टात आला आहे" असा शेरा मारून त्यांना नाकारले. आईवडिलांचा संसार मोडल्याचे अर्जदाराला आपल्याच पत्रातून कळले. खुद्द आईवडिलांनाही ते तोवर ठाऊक नव्हते.

चौकशीअंती असे समजते की, घोटाळा मुलाखतीच्या दिवशी झाला. आईला एका खोलीत बसवून विचारण्यात आले की, पतीशी शेवटचे बोलणे कधी झाले. आईने खरे ते सांगितले, "झाली असतील वीस-बावीस वर्षं." त्याच वेळी शेजारच्या खोलीत वडिलांना तोच प्रश्न विचारला गेला. वडील म्हणाले, "तेवढीच झाली असतील. तिलाच विचारा, तिच्या लक्षात असतं सगळं." पैसे देऊन खोटी लग्ने लावणाऱ्या जोडप्यांची उत्तरे जुळत नाहीत म्हणून ती पकडली जातात, असे अर्जदार ऐकून आहे. इथे उत्तरे तंतोतंत जुळली आणि त्यातच घात झाला.

सबब अर्जदार नम्रपणे खुलासा करतो की, त्याच्या आईवडिलांत फारकत झालेली नाही. त्यांच्यात अबोला आहे. अर्जदार सातवीत असताना तो सुरू झाला. का सुरू झाला, हे आईला विचारले तर आई म्हणते, "त्यांना विचार, त्यांना चांगलं माहितेय." वडिलांना विचारले तर ते म्हणतात, "तुझ्या आईला विचार." अर्जदाराचा असा समज आहे की दोघेही कारण कधीच विसरले आहेत, पण विसरलो असे जो आधी कबूल करील तो हरला, म्हणून दोघांनीही तोंडाला कुलूप लावले आहे.

अबोला म्हणजे संबंध संपणे नव्हे, हे कार्यालयाच्या लक्षात आणून देणे अर्जदारास भाग आहे. संबंध संपवणे एकट्यालाही जमते. अबोल्याला दोन माणसे लागतात, तीही एका छपराखालची, आणि दोघांनाही रोज उठून तो निगुतीने पाळावा लागतो. परक्याशी कोणी अबोला धरत नाही. साहेबांनी स्वतःच विचार करावा, रस्त्याने जाणाऱ्या माणसाशी आपण बोलत नाही, त्याला आपण अबोला म्हणतो का?

आता घर चालते कसे, असा प्रश्न साहेबांना पडेल. ते अर्जदारामार्फत चालत असे. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "विचार त्यांना, आज तरी वेळेवर उगवणार आहेत का?" अर्जदार चार पावलांवरच्या बाहेरच्या खोलीत जाऊन सांगे, "बाबा, आई विचारतेय, किती वाजता वाढू?" वडील म्हणत, "सांग तिला, माझी वाट बघून उपकार करू नकोस म्हणावं." अर्जदार परत येऊन सांगे, "बाबा म्हणतात, तू जेवून घे, उपाशी राहू नकोस." दोन खोल्यांमधली भिंत इतकी पातळ होती की मूळ वाक्ये दोघांनाही स्वच्छ ऐकू येत. तरी अर्जदार येऊन सांगेपर्यंत दोघेही थांबत, आणि उत्तर देत ते अर्जदाराने सांगितलेल्या वाक्याला. शाळेत मराठीत काठावर पास होणाऱ्या या मुलाने घरात मात्र पुष्कळ वाक्ये सुधारली.

अर्जदार पोटापाण्यासाठी इथे आला तेव्हा हे काम फोनवर आले. आईचा फोन येई, "बाबांना सांग, टाकी भरून वाहतेय, पंप बंद करा." वडील तेव्हा अंगणात, पंपाशेजारीच खुर्ची टाकून बसलेले असत. अर्जदार इस्त्रीयंत्र थांबवी, समुद्रापलीकडे वडिलांना फोन लावी आणि पंप बंद करवी. तोवर अंगणात तळे होई. धुलाई विभागाच्या मुकादमबाई, ज्यांना सगळे पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणतात, त्यांनी एकदा विचारले की असा कोणता तातडीचा फोन असतो? पाण्याच्या टाकीचा, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की पुढे त्याने ते कारण कधी दिले नाही.

आपला दुसरा आक्षेप असा की, दोघे वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. घराला खोल्या दोनच आहेत आणि वडील घोरतात. मात्र त्यांचे घोरणे मध्येच थांबले की आई दचकून जागी होते आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत कपाटाचे दार आपटत राहते. वडिलांना वाटते ती राग काढते आहे. अर्जदाराने लहानपणी हे अंथरुणातून पुष्कळदा पाहिले आहे आणि यास साक्षीदार म्हणून तो स्वतः हजर राहण्यास तयार आहे.

तिसरा आक्षेप, एकत्र फोटो नाहीत. हे साफ चुकीचे आहे. फोटो आहेत, पण प्रत्येकात मध्ये अर्जदार उभा आहे. तो इकडे आल्यावर फोटोच निघाले नाहीत. आपल्या कार्यालयाने मागणी केल्यावर शेजाऱ्यांनी एक काढून पाठवला. त्यात आई डाव्या टोकाला आणि वडील उजव्या टोकाला उभे असून मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली आहे. आपण तो "परस्पर दुरावा दर्शवणारा" म्हणून परत केलात. ती जागा कोणाची आहे, हे तिसऱ्या मजल्यावरून दिसले नाही, याबद्दल तक्रार नाही.

उलट बाजूने पुरावा म्हणून अर्जदार एवढेच सांगतो की, आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या वीस वर्षांत तिने स्वतः कधी आणल्या नाहीत. रिकामे पाकीट ती फ्रिजवर ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथे भरलेले असते. मुलाखतीला जाताना बसमध्ये तिला मळमळते म्हणून वडिलांनी खिडकीची जागा धरून ठेवली आणि ती येताच मुकाट्याने उठून दिली. आणि ज्या दिवशी वडिलांना यायला उशीर होतो त्या दिवशी आई जेवत नाही, नुसती भांडी आपटते. या गोष्टींच्या पावत्या मिळत नाहीत.

अर्जदाराच्या स्वतःच्या कामाचेच उदाहरण द्यायचे तर, यंत्रातून निघालेल्या चादरीची घडी दोघांना मिळून घालावी लागते. समोरच्या टोकाला जो गृहस्थ असतो त्याची भाषा अर्जदाराला येत नाही आणि अर्जदाराची त्याला. सहा वर्षे दोघे रोज समोरासमोर उभे राहतात, चादर ताणतात, पुढे येतात, टोकाला टोक लावतात. आजवर त्यांचे एक वाक्य बोलणे झालेले नाही. तरी इस्पितळाने त्यांची जोडी केवळ कागदोपत्री असल्याचे ठरवलेले नाही.

असो. आपल्या पत्रात दोन मार्ग सुचवले होते, त्यांचाही अर्जदाराने प्रामाणिकपणे विचार केला. पहिला, विवाह समुपदेशकाचा दाखला आणणे. आईवडील गेले. आई समुपदेशकाला म्हणाली, "यांना सांगा, पाय पसरून बसू नका." वडील म्हणाले, "तिला म्हणावं, खुर्ची सरकारची आहे, तिच्या माहेरची नाही." तासभर तो भला माणूस इकडचे तिकडे सांगत राहिला आणि शेवटी "दाम्पत्यात भरपूर संवाद आहे" असा दाखला देऊन त्याने कपाळाचा घाम पुसला. तो आपल्या यादीवरचा नसल्याने दाखला अमान्य झाला. दुसरा मार्ग असा की, आईने एकटीने यावे आणि तीन वर्षांनी वडिलांनी 'एकाकी ज्येष्ठ नातेवाईक' या वर्गातून अर्ज करावा. म्हणजे ते आज एकटे नाहीत म्हणून आधी त्यांना एकटे करायचे, ते नीट एकटे झाले की नाही हे तपासायचे, आणि मग एकटे आहेत म्हणून बोलवायचे. या योजनेमागची कळकळ अर्जदाराला समजते.

आईने पत्र ऐकले आणि आपल्याला विमान सोसणार नाही असे जाहीर केले. वडिलांनी पत्र ऐकले आणि अर्जदाराला फोनवर बजावले, "तिला जाऊ दे. गुडघ्यांचं ऑपरेशन तिकडे चांगलं होईल. माझं मी बघतो." दोघांनाही अर्जदाराने सारखेच समजावले आणि दोघांनीही त्याला सारखेच झटकले.

आता जे कळवायचे आहे ते मागील महिन्यात घडले असून, त्यामुळे आपल्या नकाराचा मूळ आधारच उरलेला नाही. अर्जदार कामावर असताना वडिलांचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. ते म्हणाले, "तुझ्या आईला विचार, दोन वाट्या तांदळाला पाणी किती घालायचं." वडिलांनी जन्मात चहासुद्धा केलेला नाही. अर्जदाराने विचारले, तुम्हाला कशाला हवंय? ते म्हणाले, "ती गेल्यावर लागेल ना. आत्ताच शिकून घेतो." मागे नळाचा आवाज येत होता, म्हणजे आई तिथेच होती, हाताच्या अंतरावर. अर्जदाराने सवयीप्रमाणे निरोप पोचवायला तोंड उघडले, "आई, बाबा विचारतायत..."

नळ बंद झाला. आई म्हणाली, "अहो, उठा तिथून. मी कुठेही जात नाहीये."

हे ती फोनला बोलली नाही. अर्जदाराला 'अहो' म्हणण्याचे तिला कारण नाही. मग पातेले ठेवल्याचा आवाज आला, वडिलांनी नाक शिंकरले, आणि कोणीतरी फोन बंद केला. अर्जदाराला तिथेच, यंत्रासमोर, हमसून रडू आले. हाताशी इस्पितळाची चादर होती, ती त्याने तोंडाला लावली. ती पुन्हा धुवावी लागली. समोरच्या गृहस्थाने दुसरी चादर आणून तिचे एक टोक अर्जदाराच्या हातात दिले. 'कडक इस्त्री' बाईंनीही त्या दिवशी कामात खोट काढली नाही.

त्या दिवसापासून अर्जदाराला टाकीचा फोन नाही, जेवणाचा नाही. पहिले काही दिवस त्याला बरे वाटले. मग काळजी वाटू लागली. मग त्याने स्वतःच फोन लावला. आई म्हणाली, "नंतर कर रे. आम्ही बोलतोय." त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तेव्हा वडील म्हणाले, "यायचं की नाही ते आम्ही दोघं ठरवून सांगतो." वडिलांच्या तोंडून 'आम्ही दोघं' हे शब्द अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. तो "बरं" म्हणाला. शेजारी सांगतात की हल्ली दोघे संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून इतके भांडतात की बाहेर उभे राहून ऐकावेसे वाटते. बावीस वर्षांचे तुंबलेले आहे, वेळ लागणारच.

सबब विवाह संपुष्टात आल्याचा शेरा काढून टाकावा, ही पहिली विनंती. दुसरी अशी की, निर्णय दोघांचा मिळून एकच द्यावा. होकार असेल तर दोघांना द्यावा, नकार असेल तर तोही दोघांना द्यावा. एकाला होकार देऊन पुन्हा कोणाला भात शिकायला लावू नये.

जाता जाता एक दुरुस्ती करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. मूळ अर्जात 'बोलावण्याचे कारण' या रकान्यात त्याने "आईवडिलांना मुलाच्या आधाराची गरज आहे" असे लिहिले होते. ते आता खरे राहिलेले नाही. त्यांचे उत्तम चालले आहे. तरी तो मजकूर खोडून त्या जागी पुढीलप्रमाणे वाचावे: अर्जदारास येथे करमत नाही. या देशात त्याचे सर्वांशी चांगले आहे, सर्व जण त्याच्याशी हसून बोलतात. पण रागावून त्याच्याशी अबोला धरील इतके जवळचे त्याला येथे कोणीही नाही.

कळावे, निर्णयाच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार व प्रायोजक,
इस्पितळ धुलाई विभाग, दुसरी पाळी.

दिनांक: पोचपावतीवर असेल तो.