ज्याच्याकडं फोनच न्हाय

प्रिय तौहीद,

तुझ्यावर इतका राग आलाय की खुशाली विचारत नाही. मायाक्काला क्लासमधून हाकललीस? सगळ्या पोरांसमोर? वर म्हणालास म्हणे, ‘मेंढरं राखणारीच्या हातात कीबोर्ड दिला, माझंच चुकलं.’ सोलापुरात पाटी लावली म्हणजे लई मोठा सर झालास व्हय रे?

कळलं कसं, ते सांगतो. मी सध्या श्रीपुरात, उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. मळीचा वास असा, की चहासुद्धा तसाच लागतो. चहावरून आठवलं, तुझ्या जिन्याखालचा तो... जाऊ दे. काल इथं ऊस तोडलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला सांगोल्याकडचा बिरुदेव आला. मायाक्काचा मामा निघाला! वस्तीवर नऊ दिवस पाण्याचा टँकर फिरकला नाही, म्हणून कळप घेऊन बाहेर पडलाय. तू तिला हाकलल्याचं त्यानंच सांगितलं. म्हणतो, ‘पोरीच्याच हातनं यादी चुकली की.’

तालुक्यानं आपल्या क्लासकडं दिलेली टँकरची ती यादी आठव. नाव, वस्ती, मोबाइल, एकाखाली एक. तिन्हींची एक ओळ करायची होती. पहिलं नाव हातानं करा, एडिटर ते लक्षात ठेवतो, त्यालाच मॅक्रो म्हणायचं, मग तो सोडला की पुढची दोन हजार तो आपोआप करतो, हे मीच शिकवलं. पण बिरुदेवाकडं फोन नाही, म्हणून त्याची तिसरी ओळच नाही. मॅक्रोनं खालच्या माणसाचं नाव ओढून त्याला चिकटवलं, आणि तिथून पुढं सगळी यादी सरकली, नावाच्या जागी वस्ती, फोनच्या जागी नाव. ड्रायव्हर फोन लावणार कुणाला?

खरं तर आधी तिसऱ्या ओळीत सलग दहा आकडे शोधायचे, सापडले तरच ती ओळ जोडायची. त्या शोधाची ओळ मी फळ्यावर लिहीतही होतो. तेवढ्यात खाली, इकडं उसाच्या कामाला निघालेल्या उमरच्या ट्रकचा हॉर्न वाजला आणि मी खडू ठेवून त्याच्याबरोबर निघालो. मला कुणी हाकललं नाही.

आता खरं ऐक. मायाक्कानं विचारलं होतं, ‘सर, ज्याच्याकडं फोनच न्हाय, त्याचं काय?’ मी पोरांना हसवायला म्हणालो, ‘असा माणूस हुडकून आण, मग बघू. दाब बटण!’ सगळे हसले, ती सोडून. बटण तिनं माझ्या शब्दावर दाबलं, आणि हे तिनं तुलाही सांगितलं नाही, मामालाही नाही. काल त्याच्याच भाकरीतली अर्धी खाल्ली मी, अन् तोंड उघडलं नाही. म्हणून हे पत्र. ते पोरांसमोर वाच, मोठ्यानं. तिला परत पहिल्या बाकावर बसव. बिरुदेवाला मी आजच सांगतो. सोमवारी येतो, फळ्यावरची ओळ पुसू नकोस. आणि फोन लावत बसू नकोस, माझा महिन्यापूर्वीच कालव्यात पडला.

तुझाच,
सिद्धू